आकाशातील डबराचे ढीग : छोटे लघुग्रह आपोआप का फुटतात?

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासाच्या काळात विहारात धम्मावर प्रवचने व्हावीत ही आपली रीत आहे. त्यातील एक संध्याकाळ विज्ञानासाठी राखून ठेवावी असे कार्यकर्त्यांना वाटले आणि त्यांनी आम्हाला बोलावले, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. विषय आम्ही मुद्दाम आकाशातला निवडला. आकाशाच्या नावावर आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या भीती दाखवली गेली, मुहूर्ताचा आणि शांतीचा खर्च माथी मारला गेला. तेव्हा आकाशात प्रत्यक्षात काय चालते ते आपल्या मुलांनी पाटी-पेन्सिल घेऊन, हिशेब मांडून पाहिले पाहिजे.

फेब्रुवारी २०२५ मधल्या बातम्या आपल्याला आठवत असतील. ‘२०२४ वायआर४’ नावाचा सुमारे ६० मीटर आकाराचा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता एका टप्प्यावर ३.१ टक्क्यांपर्यंत चढली आणि पुढच्या काही दिवसांत जवळजवळ शून्यावर उतरली. तो लघुग्रह कोणाच्या पूजेने वळला नाही. तो जिकडे चालला होता तिकडेच चालत राहिला. अधिक वेध मिळाले आणि त्याची कक्षा नेमकी कळली, एवढेच. अशा बातम्या आल्या की विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो : “सर, एवढा मोठा दगड अंगावर येत असेल तर त्याला वाटेतच फोडून का टाकत नाहीत?” प्रश्न चांगला आहे. पण त्याच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे, ते म्हणजे तो दगड आहे. आज आम्हाला त्या गृहीताबद्दलच बोलायचे आहे.

लोणारचे सरोवर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. बुलढाणा जिल्ह्यात काळ्या बेसॉल्ट खडकात पडलेला तो सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा आकाशातून आलेल्या वस्तूच्या आघाताने झाला, हे आज सर्वमान्य आहे. तेवढा खड्डा पाहिला की तो पाडणारी वस्तू म्हणजे एक अखंड, टणक धोंडा असणार असेच मनात येते. शास्त्रज्ञांच्या मनातही बराच काळ हेच चित्र होते. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान लाखो लघुग्रह फिरतात, ते म्हणजे सुटे सुटे खडक, असा समज होता. त्या समजाला तडा गेला तो मुख्यतः १९९० नंतर. जून १९९७ मध्ये अमेरिकेचे ‘निअर’ यान मथिल्डा नावाच्या लघुग्रहाजवळून गेले. त्याची घनता निघाली पाण्याच्या जेमतेम १.३ पट. साधा खडक पाण्याच्या अडीच-तीन पट जड असतो. म्हणजे मथिल्डाच्या आत निम्म्याच्या आसपास जागा पोकळ असली पाहिजे. पुढे २००५ मध्ये जपानचे ‘हायाबुसा’ यान इटोकावा या सुमारे ५३५ मीटर लांबीच्या लघुग्रहापाशी पोहोचले. तेथे दिसले ते धोंडे, खडी आणि मुरूम. नंतर पाहिलेले र्‍युगू आणि बेन्नू हे तर त्याहून हलके. दोघांचीही घनता पाण्याच्या केवळ १.१९ पट आहे.

याचा अर्थ असा की हे लघुग्रह म्हणजे डबराचे ढीग आहेत. मोठ्या लघुग्रहांच्या टकरी झाल्या, त्यांचे तुकडे उडाले, आणि ते तुकडे स्वतःच्याच क्षीण गुरुत्वाकर्षणाने पुन्हा सैलसर एकत्र जमले. खडी फोडणारे आणि डबर वाहणारे हात आपल्यापैकी अनेकांच्या घरात होते, त्यामुळे डबराचा ढीग म्हणजे काय हे या सभागृहात समजावून सांगण्याची गरज नाही. ट्रक उलटा केला की खडी एका ठरावीक उतारावर येऊन थांबते. तिला थांबवते तिचे वजन आणि दगडाला दगड घासण्याने होणारा अटकाव.

आता या वजनाचेच पाहू. बेन्नू सुमारे ४९० मीटर रुंद आहे. त्याच्या पृष्ठभागावरचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक लाखांश भागाहूनही कमी आहे. येथे ज्याचे वजन ६० किलो भरते, त्याचे वजन तेथे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चिमूटभर तांदळाइतके भरेल. ज्या दोरीने हा सगळा ढीग बांधला आहे ती दोरी एवढी नाजूक आहे.

आणि हा ढीग स्थिर उभा नाही. तो स्वतःभोवती फिरतो आहे. गोफणीत दगड घालून गरगर फिरवला की दगड बाहेर जाऊ पाहतो आणि हाताला ओढ लागते. फिरणाऱ्या लघुग्रहाच्या विषुववृत्तावरचा प्रत्येक खडा तसाच बाहेर जाऊ पाहत असतो. त्याला आत धरून ठेवते ते गुरुत्वाकर्षण. फिरण्याचा वेग वाढत गेला तर एक क्षण असा येईल की बाहेरची ओढ आणि आतली ओढ समसमान होतील. त्या वेळी विषुववृत्तावरच्या खड्याचे वजन शून्य होईल.

विद्यार्थी मित्रांनी येथे वही काढावी. घनता तीच ठेवून लघुग्रहाची त्रिज्या दुप्पट केली तर पृष्ठभागावरचे गुरुत्वाकर्षण दुप्पट होते. फिरण्याचा काळ तोच ठेवला तर बाहेरची ओढही दुप्पट होते. दोन्हीकडची त्रिज्या कटून जाते. म्हणजे ढीग विस्कटण्याचा धोक्याचा काळ आकारावर अवलंबून नाही, तो फक्त घनतेवर ठरतो. गोलाकार वस्तूसाठी हिशेब अगदी सोपा आहे : ३.३ या संख्येला घनतेच्या वर्गमूळाने भागा, उत्तर तासांत मिळते. पृथ्वीची घनता ५.५ घेतली तर उत्तर सुमारे १.४ तास, म्हणजे ८४ मिनिटे येते. पृथ्वीला २४ तास लागतात, म्हणून आपण निर्धास्त आहोत. घनता २.२ घेतली तर उत्तर येते सुमारे २.२ तास.

कागदावरचा हा आकडा आकाशात खरा ठरतो का? पेत्र प्रावेत्स आणि अ‍ॅलन हॅरिस यांनी लघुग्रहांच्या परिवलनाचे मोजलेले काळ एकत्र करून २००० साली आलेखावर मांडले. सुमारे २०० मीटरपेक्षा मोठ्या लघुग्रहांत २.२ तासांहून जलद फिरणारा जवळजवळ कोणीच नव्हता. जणू कुंपण घातले आहे. सगळे लघुग्रह अखंड खडक असते तर हे कुंपण असण्याचे कारणच नव्हते. अखंड खडक याच्या कितीतरी पट वेगाने गरगरला तरी फुटत नाही. डबराच्या ढिगाला मात्र हे कुंपण ओलांडता येत नाही. एखाद्या लघुग्रहाच्या पोटात न शिरता केवळ त्याच्या लुकलुकण्यावरून त्याच्या आतली रचना ओळखायची, हा तर्क आम्हाला फार आवडतो. लघुग्रह फिरताना त्याची रुंद बाजू समोर आली की प्रकाश वाढतो, अरुंद बाजू आली की कमी होतो. साधन म्हणून दुर्बिणीतून दिसणारी ती चढउतार तेवढी हाताशी होती.

पण कुंपणापर्यंत त्यांना ढकलत कोण नेतो? अवकाशात हवा नाही, पाणी नाही, भोवरा फिरवणारा हात नाही. उत्तर ऐकून प्रथम कोणाचाही विश्वास बसत नाही. ढकलणारा सूर्यप्रकाश आहे. प्रकाशाला रेटा असतो. पृथ्वीइतक्या अंतरावर एक चौरस मीटर काळ्या पृष्ठभागावर सूर्यप्रकाशाचा रेटा अर्ध्या मिलिग्रॅम वजनाइतका पडतो. तापलेला पृष्ठभाग ती उष्णता पुन्हा बाहेर टाकतो, तेव्हा त्यालाही उलटा धक्का बसतो. लघुग्रह वेडावाकडा असेल तर हे धक्के सर्व बाजूंनी सारखे पडत नाहीत. पवनचक्कीची पाती तिरपी असतात म्हणून ती वाऱ्यावर फिरते. तद्वत ओबडधोबड लघुग्रह उन्हावर फिरतो. उष्णतेच्या या धक्क्याची मूळ कल्पना १९०० च्या सुमारास इव्हान यार्कोव्हस्की या अभियंत्याने मांडली होती. त्याचा आणि नंतरच्या ओकीफ, राद्झिएव्हस्की, पॅडॅक यांचा मान ठेवून डेव्हिड रुबिनकॅम यांनी २००० साली या परिणामाला चौघांच्या आद्याक्षरांवरून ‘यॉर्प’ हे नाव दिले. हा रेटा काही लघुग्रहांचा वेग वाढवतो, तर काहींचा मंदावतो. ते आकारावर अवलंबून आहे.

नुसते म्हणून भागत नाही, मोजून दाखवावे लागते. ‘२००० पीएच५’ हा शंभरेक मीटरचा लघुग्रह १२.१७ मिनिटांत एक फेरी घेतो. चार वर्षे वेध घेऊन २००७ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की त्याच्या फेरीचा काळ दर वर्षी सुमारे एक सहस्रांश सेकंदाने कमी होतो आहे. एवढासा फरक मोजता कसा आला? वर्षात त्याच्या ४३ हजारांहून अधिक फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरी आधीपेक्षा किंचित लवकर संपते. हिशेब केला तर चार वर्षांत हा फरक साचत जाऊन जवळजवळ अर्ध्या फेरीइतका होतो, आणि अर्धी फेरी दुर्बिणीतून सहज लक्षात येते. त्या लघुग्रहाला पुढे ‘यॉर्प’ हेच नाव मिळाले. बेन्नूचा फेरीचा काळ ४.३ तासांचा आहे आणि तो शंभर वर्षांत सुमारे एक सेकंदाने घटतो आहे. माणसाच्या आयुष्यात हे काहीच नाही. लघुग्रहाचे आयुष्य मात्र कोट्यवधी वर्षांचे असते. शिवाय आकार दहा पट लहान झाला की हा परिणाम शंभर पट झपाट्याने होतो. म्हणून सूर्याचा हा रेटा मोठ्यांना फारसा हलवत नाही, छोट्यांना मात्र गरगरवतो.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. अशी काही माहिती दिली की आपल्यातलेच कोणी उत्साहाने म्हणतात, “हे तर भगवंतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितले आहे; सर्व संस्कार अनित्य आहेत.” भावना आम्हाला समजते. पण बुद्धाने यॉर्प परिणाम सांगितला नाही, आणि तो सांगितला असे म्हटल्याने बुद्धाची थोरवी वाढत नाही. इतर धर्मांचे लोक आपल्या पोथ्यांत विमाने शोधतात तेव्हा आपण हसतो. कालाम सुत्त विहारात वाचायचे आणि बाहेर येऊन तेच करायचे हे आपल्याला शोभणार नाही. असो.

आतापर्यंतच्या हिशेबात एक अडचण आहे, आणि चौकस विद्यार्थ्याच्या ती लक्षात आली असेल. कुंपण २.२ तासांचे, मग १२ मिनिटांत फिरणारा लघुग्रह टिकला कसा? ‘२००८ एचजे’ हा सुमारे १२ मीटर रुंद आणि २४ मीटर लांब लघुग्रह तर ४२.७ सेकंदांत एक फेरी घेतो. पहिला सोपा तर्क असा होता की हे छोटे म्हणजे अखंड कपच्या असाव्यात. काही तशा असतीलही. पण दुसरी एक शक्यता आहे, आणि ती समजायला आपल्या स्वयंपाकघरात जावे लागेल.

घरात ज्वारीचे पोते असते आणि बाजूला पिठाचा डबा असतो. मूठभर ज्वारी घ्या आणि बोटे सैल करा. दाणे घरंगळून जातात. मूठभर पीठ घेऊन दाबा आणि मूठ उघडा. बोटांचे ठसे घेऊन मुटका तसाच बसून राहतो. त्यात पाणी नाही की डिंक नाही, आणि धान्य तेच आहे. फरक आहे तो कणाच्या आकाराचा. कोणतेही दोन कण एकमेकांना टेकले की त्यांच्यात अगदी थोडी पकड असते. रेणूंमधल्या या आकर्षणाला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात. कण दहा पट लहान केला तर ही पकड साधारण दहा पट कमी होते, पण त्याचे वजन हजार पट कमी होते. म्हणजे वजनाच्या तुलनेत पकड शंभर पट भारी ठरते. दाण्यांत वजन जिंकते, पिठात पकड जिंकते.

लघुग्रहावर तर वजनच लाख पट कमी झालेले आहे. मग पृथ्वीवर पिठाच्या कणाचे जे होते ते तेथे सुपारीएवढ्या खड्याचे होते. डॅनिएल शीअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली हा हिशेब मांडला. त्यांचे म्हणणे असे की धोंड्यांच्या फटींत भरलेली बारीक भुकटी सगळ्या ढिगाला धरून ठेवते. गावाकडे दगडगोट्यांची भिंत चिखलमातीत रचतात तसे हे आहे. भिंतीचा आकार दगडांचा असतो, पण धरून ठेवते ती माती.

ही पकड किती? लोकांची कल्पना पोलाद-सिमेंटपर्यंत धावते, म्हणून आकडा सांगतो. ती शंभर पास्कलच्या आसपास आहे. म्हणजे एक चौरस मीटर जागेवर दहा किलो ज्वारी पसरली तर जमिनीवर जो भार येतो तेवढी. आपल्या अंगावर हवेचा दाब असतो तो याच्या हजार पट आहे. कोरडा मातीचा ढेकूळसुद्धा यापेक्षा कितीतरी मजबूत असतो. परंतु एवढी पकड छोट्या ढिगाला पुरते. तो मधोमध फुटायचा तर जेथे चिरेल त्या तोंडाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे बदलते, आणि दोन अर्ध्या भागांना दूर ओढणारे बल त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे. आकार लहान होत गेला की ओढ फार झपाट्याने कमी होते, पकड तेवढी होत नाही. आमच्या ढोबळ हिशेबाने दहा मीटर त्रिज्येचा ढीग शंभर पास्कलच्या पकडीवर पाचेक मिनिटांत एक फेरी घेऊनही टिकू शकतो. ‘२००८ एचजे’ला मात्र काही हजार पास्कल लागतील. किलोमीटरभराच्या ढिगाला तीच शंभर पास्कलची पकड कुंपणापलीकडे फक्त थोडेसे जाऊ देते.

मग पकड सुटते तेव्हा काय होते? २०१३ सालापर्यंत हा प्रश्न कागदावर होता. त्या वर्षी १५ सप्टेंबरला लघुग्रहांच्या पट्ट्यात एक विचित्र धूसर ठिपका सापडला, त्याला नाव मिळाले ‘पी/२०१३ आर३’. १ ऑक्टोबरला हवाईतील केक दुर्बिणीतून पाहिले तर धुळीच्या आवरणात तीन तुकडे एकत्र चालले होते. मग डेव्हिड ज्युइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हबल दुर्बीण तिकडे वळवली. जानेवारी २०१४ पर्यंत दहा तुकडे मोजता आले, प्रत्येकाला धूमकेतूसारखी धुळीची शेपटी. त्यांतल्या मोठ्यांची त्रिज्या सुमारे २०० मीटरपर्यंत होती. तुकडे एकमेकांपासून दूर सरकत होते ते ताशी दीड किलोमीटरने. म्हातारा माणूस काठी टेकत चालतो त्याहून हळू.

या मंद गतीतच सगळे रहस्य आहे. दुसरा लघुग्रह येऊन धडकला असता तर तुकडे एकाच क्षणी आणि वेगाने उधळले असते. येथे ते महिनोन्‌महिने एकामागून एक सुटत होते. आतला बर्फ तापून वाफ झाली म्हणावे तर तेथील थंडीत वाफेचा दाब एवढा धोंडा फोडायला पुरत नाही. गुरूसारख्या मोठ्या ग्रहाच्या ओढीने फुटला म्हणावे, जसा शूमेकर-लेव्ही धूमकेतू १९९२ मध्ये फुटून १९९४ मध्ये गुरूवर कोसळला, तर आसपास ग्रह नव्हता. एकेक कारण तपासून बाजूला ठेवल्यावर उरले ते परिवलन. मासातोशी हिराबायाशी, शीअर्स आणि इतरांनी तुकड्यांच्या गतीवरून उलटा हिशेब केला. फुटण्यापूर्वी तो लघुग्रह ०.४८ ते १.९ तासांत एक फेरी घेत असावा आणि त्याची पकड ४० ते २१० पास्कल असावी, असे उत्तर २०१४ मध्ये आले. म्हणजे तो कुंपण ओलांडून गेला होता, काही काळ तसाच तग धरून होता, आणि मग सुटला. लक्षात घ्या, गुरुत्वाकर्षणाने हार मानल्यानंतरही त्याला धरून ठेवले होते ते त्या भुकटीने.

प्रत्येक ढीग असाच दुभंगतो असे नाही. आतला गाभा घट्ट आणि वरचा थर सैल असेल तर गाभा तसाच राहतो आणि वरची माती विषुववृत्ताकडे घसरत जाऊन थोडी थोडी उडते. २०१३ मध्येच हबलने ‘पी/२०१३ पी५’ या लघुग्रहाला एकाच वेळी सहा शेपट्या पाहिल्या. त्याचे कारण हेच असावे असे मानतात. अशी घसरण होऊन विषुववृत्तावर कंगोरा तयार होतो आणि लघुग्रह भोवऱ्यासारखा दिसू लागतो. बेन्नू आणि र्‍युगू यांचे फोटो पाहा, दोन्ही भोवरेच आहेत. कधी सुटलेला माल पुन्हा एकत्र येऊन छोटा चंद्र बनतो. पृथ्वीजवळच्या लघुग्रहांत शंभरात पंधराच्या आसपास असे जोडीचे आहेत. कधी जोडीदार पळून जातो आणि दोघे जवळजवळ एकाच कक्षेत स्वतंत्र फिरतात. प्रावेत्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अशा ३५ जोड्या तपासल्या. लहान भावंडाचा वाटा जितका मोठा, तितका थोरल्याचा फिरण्याचा वेग मंद निघाला, कारण त्याला दूर पाठवायला लागलेली ऊर्जा थोरल्याच्या परिवलनातूनच खर्च झाली होती. सिद्धांताने आधी सांगितले होते तेच मोजणीत दिसले.

ज्या एका लघुग्रहाने या पकडीबद्दल शास्त्रज्ञांची खात्री वाढवली त्याचे नाव ‘१९५० डीए’. फेब्रुवारी १९५० मध्ये तो सापडला, काही दिवस दिसला आणि हरवला. पन्नास वर्षांनी, ३१ डिसेंबर २००० रोजी, तो पुन्हा सापडला. व्यास सुमारे १.३ किलोमीटर, फेरीचा काळ २.१२ तास. बेन रोझिटिस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये त्याची घनता १.७ काढली. आता मघाचे सूत्र लावा : ३.३ भागिले १.७ चे वर्गमूळ, उत्तर सुमारे २.५ तास. त्याने २.५ तासांहून जलद फिरूच नये, आणि तो फिरतो आहे २.१२ तासांत. हिशेबाने तो केव्हाच विस्कटायला हवा होता. त्याला सावरून ठेवायला निदान ६४ पास्कलच्या आसपास पकड लागते, असे त्यांनी दाखवले. २८८० साली तो पृथ्वीवर आदळण्याची अगदी थोडी शक्यता आहे, म्हणून तो अभ्यासकांच्या नजरेखाली असतो.

येथपर्यंत सगळे नीट जुळले असे वाटले तोच प्रत्यक्ष स्पर्श झाला. एप्रिल २०१९ मध्ये ‘हायाबुसा-२’ यानाने र्‍युगूवर दोन किलो तांब्याचा गोळा सेकंदाला दोन किलोमीटर वेगाने मारला. १४ मीटरहून मोठा खड्डा पडला. पृष्ठभागाला जरा जरी पकड असती तर खड्डा खूप लहान राहिला असता. २० ऑक्टोबर २०२० रोजी ‘ओसायरिस-रेक्स’ यानाने बेन्नूवरची माती घ्यायला हात टेकवला, तर तो जवळजवळ विरोधच न होता सुमारे अर्धा मीटर आत गेला. पृष्ठभागाची पकड जवळजवळ शून्य होती. ती माती, १२१.६ ग्रॅम, सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर पोहोचली. एकीकडे ६४ पास्कल आणि दुसरीकडे शून्य, हे कसे? बेन्नूला ४.३ तास आणि र्‍युगूला ७.६ तास लागतात, म्हणजे त्यांना टिकायला पकडीची गरजच नाही, हे एक उत्तर. वरची भुकटी उडून गेली असेल आणि आत खोलवर ती असेल, हे दुसरे. आमच्या मते पृष्ठभागावरून आतल्या गाभ्याचा निर्णय देण्याची घाई कोणी करू नये. आणि ढीग हाच सर्वत्र नियम आहे असेही नाही. व्हेरा रुबिन वेधशाळेच्या २०२५ मधील निरीक्षणांत ‘२०२५ एमएन४५’ हा सुमारे ७१० मीटरचा लघुग्रह १.८८ मिनिटांत फेरी घेताना सापडला. तेवढा वेग भुकटीच्या पकडीने सोसणार नाही. तो अखंड खडकच असला पाहिजे. जुने चित्र सर्वस्वी खोटे नव्हते, एवढे मान्य केले पाहिजे.

आता विद्यार्थ्याच्या त्या प्रश्नाकडे येऊ. वाटेतच फोडून का टाकत नाहीत? फोडले तर तुकडे त्याच वाटेने येत राहतात. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर आलेला लघुग्रह केवळ वीसेक मीटरचा होता. तो हवेतच उंचावर फुटला, तरी सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली, बहुतेक खिडक्यांच्या काचांनी. ढिगाच्या पोकळ्या स्फोटाचा धक्का गिळूनही टाकू शकतात. आणि ‘१९५० डीए’सारखा काठावर बसलेला ढीग असेल तर आपल्याला नको असताना लहानसा धक्काही त्याला विस्कटून टाकील. म्हणून ढकलणे बरे, पण किती आणि कोठे, हे त्याच्या पकडीवर ठरणार.

२६ सप्टेंबर २०२२ रोजी ‘डार्ट’ यान मुद्दाम डायमॉर्फस या सुमारे १५० मीटरच्या छोट्या चंद्रावर सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने आदळवले गेले. तो ज्याच्याभोवती फिरतो तो डिडिमॉस २.२६ तासांत फेरी घेतो, अगदी कुंपणाला टेकून. डायमॉर्फस हा त्याच्याच अंगावरून सुटलेल्या मालाचा बनला असावा असे समजतात. प्रदक्षिणेचा काळ ७३ सेकंदांनी बदलला तरी प्रयोग यशस्वी मानायचा असे ठरले होते. तो बदलला सुमारे ३३ मिनिटांनी. कारण यानाच्या धक्क्याने सैल डबर उलट दिशेला उधळले आणि त्याच्या प्रतिक्रियेने धक्का सुमारे साडेतीन पट झाला. ढिगाचा सैलपणा येथे आपल्या कामी आला. तो नेमका किती सैल आहे हे जवळून पाहण्यासाठी युरोपचे ‘हेरा’ यान ऑक्टोबर २०२४ मध्ये रवाना झाले.

शेवटी एक तारीख वहीत लिहून ठेवा. अपोफिस नावाचा सुमारे साडेतीनशे मीटरचा लघुग्रह २०२९ साली पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे. आपले दूरदर्शनचे उपग्रह याहून दूर असतात. तो आदळणार नाही. पुढची शंभर वर्षे त्याच्यापासून धोका नाही, हे २०२१ मध्येच नक्की झाले आहे. पण इतक्या जवळून जाताना पृथ्वीची ओढ त्याचे परिवलन बदलेल आणि कदाचित त्याच्या अंगावरची माती कोठे कोठे घसरेल. ती किती घसरते यावरून त्याची पकड कळेल. ढिगाला आपण होऊन हात लावायला न जाता पृथ्वीच तो प्रयोग करणार आहे. युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातून तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल. जागतिक वेळेप्रमाणे तो सर्वांत जवळ येईल तेव्हा १३ एप्रिल असेल. आपल्या घड्याळात मात्र १४ एप्रिलच्या पहाटेचे सव्वातीन वाजले असतील. भीमजयंतीमुळे त्या रात्री आपल्या वस्त्या जाग्याच असतात. तेव्हा दुर्बीण कोठे लावायची आणि वेधांची नोंद कोण ठेवणार, हे संस्थेच्या विद्यार्थ्यांनी आतापासून ठरवावे.

जयभीम.